संबळ थांबतं तेव्हा

पुतण्याच्या लग्नाचा गोंधळ गेल्या पंधरवड्यात धाराशिवच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घरी झाला. सोपा तसा लहानच. सतरंज्यांवर चाळीसेक माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. समोर ज्वारीच्या पाच ताटांखाली चौक मांडलेला, तांब्याचा कलश, दिवटी, बुधली. गोंधळी तुळजापूरकडचे, कदमराई. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि आमच्या भवानीचे हे, एवढं आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं.

मी मुद्दाम संबळवाल्याच्या अगदी पुढ्यात बसलो, हातभर अंतरावर.

कंबरेला बांधलेली ती जोडवाद्यं. मोठ्याचा आवाज घुमणारा, लहान्याचा चटचटीत. हातात दोन काड्या, त्यातल्या एकीचं टोक वळलेलं. पहिला हात पडला आणि खोलीत बोलणं संपलं. कान तर भरलेच, पण खरा ठोका बरगडीत बसला. थोड्या वेळाने माझी नजर कलशावर गेली. पाण्यावर बारीक बारीक कडी उठत होती, संबळाच्या प्रत्येक घावाबरोबर. दिवटीचा उजेड त्यांच्यावर थरथरत होता.

त्या क्षणी मला पुण्यातली होस्टेलची खोली आठवली. तिथे एका मित्राने कॅसेटवर माय ब्लडी व्हॅलेंटाइन हा बँड ऐकवला होता. 1983 साली डब्लिनमध्ये सुरू झालेला, 1991 च्या ‘लव्हलेस’ या अल्बममुळे जगभर गाजलेला. त्यांच्या प्रकाराला शूगेझ म्हणतात. गिटारवाले पायाशी ठेवलेली आवाज बदलायची बटणं दाबत सगळा वेळ खाली बघत उभे राहायचे, म्हणून इंग्लंडातल्या पत्रकारांनी दिलेलं हे नाव. गिटारींचा आवाज इतका दाट की गाणारा गळा त्यात बुडून जातो. शब्द हाती लागत नाहीत, सूर मात्र आतून झिरपत राहतो. प्रत्यक्ष कार्यक्रमात एका गाण्याच्या मध्यावर ते लोक 15-20 मिनिटं एकच गर्जना धरून ठेवत. 2008 मध्ये बँड पुन्हा एकत्र आला, तेव्हा ऐकायला येणाऱ्यांना कानात घालायचे बोळे वाटले जात. हे संगीत अंगावर घ्यायचं असतं, असं मित्र सांगायचा. मला ते तेव्हा उमगलं नव्हतं. उमगलं ते इथे, सोप्यात.

आमचा संबळवालाही खालीच बघत होता. डोकं झुकलेलं, नजर स्वतःच्या मनगटांवर, पाय अनवाणी. नायक एकेका देवाला गोंधळाला बोलावत होता, तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला, जेजुरीच्या खंडोबाला, आणि त्यातली निम्मी नावं संबळाखाली गडप होत होती. कुणाचं काही अडलं नाही. मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायकांचे ओठ बरोबर त्याच नावांवर हलत होते.

म्हणून ‘शब्द कळत नाहीत’ म्हणत पोरं अर्ध्यातून उठतात, तेव्हा मला वाईट वाटतं. बाळांनो, बसा. कळण्याची घाई नको. आणि ‘अर्ध्या तासात उरका’ असं गोंधळ्याला सांगणाऱ्या यजमानांनाही हात जोडून विनंती आहे. ही रात्रीची गोष्ट आहे, तिला रात्र द्या. संबळ तासभर अंगावर पडल्याशिवाय माणूस त्याच्या आत जात नाही.

मोठ्या आवाजाची भलामण मी करत नाही. 85 डेसिबल आठ तास सोसणाऱ्या कानाला 100 डेसिबल जेमतेम 15 मिनिटं सोसतात, असं कानांचा अभ्यास करणारे सांगतात. धाकट्या नातीच्या कानात मी कापूस घातला आणि तिला मागच्या दाराशी, तिच्या आईच्या मांडीवर बसवलं. लग्नाच्या वरातीतल्या डीजेच्या भिंतीपुढून जाताना माझी छाती दडपते, घरी कधी पोहोचतो असं होतं. संबळासमोर तसं झालं नाही. हा आवाज दोन मनगटांतून निघत होता. माणूस दमला की तो उतरायचा, माणसाला चढलं की चढायचा. त्याच्या कपाळावरचा घाम चामड्यावर पडताना मला दिसत होता.

मध्यरात्र उलटून गेल्यावर संबळ एकदम थांबलं. कान वाजत होते. आणि त्या वाजण्याखालून तुणतुणं ऐकू आलं. एक तार, एकच सूर, तुण तुण तुण. कोपऱ्यातला तो पोरगा पहिल्या हातापासून वाजवत होता, क्षणभरही थांबला नव्हता. इतका वेळ सगळं त्याच्याच सुरावर उभं होतं आणि माझ्या कानाला त्याचा पत्ता नव्हता.

कलशातलं पाणी निवांत झालं होतं. आत्या उठल्या, बुधलीतलं तेल दिवटीवर घातलं आणि संबळवाल्याकडे वळून म्हणाल्या, “घोटभर च्या घ्या दादा. मग पुन्हा धरा.”