माया किती सोडलीय?

मंडळी, आज भांडायला बसलेय. कुणा माणसाशी नाही, एका वाक्याशी. "लहान मुलांचे कपडे काय हो, सहा महिन्यांत आखूड होतात. चांगले घेऊन करायचंय काय?"

महाद्वार रोडवर पथारी मांडून बसलेला पोरगा हे म्हणतो ("आज्जी, लेकराचं कापड हाय, सा म्हैन्यात आखूड हुतंय बघा!"). राजारामपुरीतल्या गारेगार दुकानातली मुलगी तेच शुद्ध भाषेत म्हणते. आमच्या घरातली शिकलीसवरलेली मंडळी म्हणतात. आणि बारशाला जाताना वाटेत गाडी थांबवून, खोक्यातला बाबासूट उचलून "हं, झालं एकदाचं" म्हणणारे नातेवाईक तर म्हणतातच. इतक्या तोंडांतून आल्यामुळे ते वाक्य खरं वाटायला लागलंय. माझ्या मते ते साफ चुकीचं आहे, आणि त्याच्या आधारावर एक अख्खा धंदा सुखाने चालला आहे.

मूल वाढतं हा काही परवा लागलेला शोध नव्हे. आमच्या लहानपणीही मुलं वाढायचीच. आणि वाढायची म्हणूनच त्यांचे कपडे जपून शिवले जायचे. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला शिंपी "माया" म्हणतात. मराठी घेऊन बी.ए. केलं, जन्मभर मराठी शिकवलं, पण हा शब्द मला कुठल्या पुस्तकात नाही, आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या तोंडी भेटला. "वहिनी, बाजूला इंचभर माया सोडलीय" असं तो आईला सांगायचा. बाजूला इंचभर, खाली तीन बोटं दुमड, आणि घेरावर दोन आडवे टक. दर मे महिन्यात आई एक टक उसवायची. जिथे टक होता तिथे कापड गडद राहिलेलं असायचं, त्या पट्ट्यांवरून फ्रॉकचं वय मोजता यायचं! माझा फ्रॉक धाकट्या बहिणीला, तिचा मामेबहिणीला, आणि शेवटी वाकळेत. आता सांगा, जो कपडा तीन मुलींना पुरायचा आहे तो मजबूत हवा की तकलादू?

म्हणजे वाक्य नेमकं उलटं आहे. मूल वाढतं म्हणूनच कपडा चांगला हवा. सहा महिन्यांत आखूड होतो, कारण वाढवायला आत काही ठेवलेलंच नसतं.

हे कसं झालं तेही सांगते. तयार कपडे ओव्हरलॉक मशीनवर शिवतात. त्या मशीनला सुईच्या शेजारी एक पातं असतं. शिवता शिवता ते कडेचं कापड कापत जातं आणि कड दोऱ्याने गुंफून टाकतं. वाईट नाही हो ते, त्यामुळे धागे निघत नाहीत, काम झपाट्याने होतं. पण पात्याने माया कापून नेली की मागे उरतं करंगळीच्या नखाएवढं कापड. एका नगावर दोन बोटं वाचली तर हजार नगांवर किती ठाण वाचतं हे धंदेवाल्याला कळतं. आपण मात्र ते बघतच नाही, कारण आपण कपडा उलटा करत नाही.

आणि आपण कोण, तर कापडाच्या मुलखातली माणसं! शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापडगिरणी काढली, ती शाहू मिल. त्याच्या दोन वर्षं आधी, १९०४ मध्ये, इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. पुढे त्याच गावाला लोक महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणायला लागले. गांधीनगरची कापडपेठ तर हाकेच्या अंतरावर. (तिथे १९४३ ते १९४८ वळिवड्याची पोलिश निर्वासितांची छावणी होती, नंतर फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं येऊन राहिली आणि त्यांनी शून्यातून बाजार उभा केला. हा वेगळ्या लेखाचा विषय, असो.) शाहू मिलचा भोंगा बंद पडून वर्षं झाली, पण माग अजून खडखडताहेत. आणि आम्ही काय करतो? छातीवर चकाकणारा अस्वल बघतो आणि पाकीट काढतो. बोटांत कापड चुरगाळून बघायची आमची सवयच गेली.

कुणी म्हणेल, बाई, एवढं काय त्यात, दोनशे रुपयांचा फ्रॉक, उसवला तर दुसरा घ्यावा. तर मी शिकवत होते त्या शाळेचं सांगते. हमालांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, वीटभट्टीवरची मुलं. जूनमध्ये नवा गणवेश यायचा. गणपतीपर्यंत तो काखेत उसवायचा, मग चड्डीची मागची शिवण जायची. मागची शिवण गेलेलं मूल कसं वागतं ठाऊक आहे? ते फळ्यापाशी येत नाही. उत्तर येत असतं, पण हात वर करत नाही. कवायतीत वाकत नाही. मधल्या सुट्टीत भिंतीला पाठ लावून उभं राहतं. माझ्या टेबलाच्या खणात खडूंच्या खोक्याशेजारी सुईदोरा असायचा. एखादं पोर तास संपल्यावर रेंगाळायचं, "बाई, जरा..." एवढंच म्हणायचं. ज्याच्याकडे दहा जोड आहेत त्याचा एक उसवला तर काही अडत नाही. ज्याच्याकडे दोनच आहेत, त्याच्या एका शिवणीवर त्याची शाळा अवलंबून असते. म्हणून मी म्हणते, महाग कपड्यापेक्षा स्वस्त कपडाच जास्त पारखून घ्यायला हवा.

"त्या किमतीत आणखी काय मिळणार?" हे त्या वाक्याचं धाकटं भावंड. यात "चांगलं" आणि "महाग" हे दोन शब्द गुपचूप एक करून टाकलेत. आमची पुण्याची भाची मुलाला नावाजलेल्या दुकानातलाच शर्ट घेते, बाराशेचा. परवा आली तेव्हा मी तो उलटा केला. आतून तीच नखाएवढी माया आणि तेच लोंबते दोरे! याउलट लक्ष्मीपुरीतल्या रविवारच्या बाजारात पावणेदोनशेची सुती बंडी मिळाली, साधी, बिनचित्राची, पण शिवण अशी की ओढली तरी दात दाखवत नाही. किंमत बाहेरून कळते, गुण आतून. आणि हिशोब तर पाढ्याइतका सोपा आहे. २२० रुपयांचा फ्रॉक दहा धुण्यांत गेला, तर एकदा घालायला २२ रुपये पडले. ४०० चा ऐंशी धुणी टिकला, तर ५ रुपये. गरिबाने स्वस्त घेतलं असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात त्याला चौपट महाग विकलेलं असतं.

बरं, बघायचं काय?

आधी कपडा उलटा करा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे, आपण काही फाडत नाही. बाजूची आणि काखेची शिवण बघा, माया किती आहे, दुमड किती आहे. मग शिवणीच्या दोन्ही बाजूंनी हलकेच ओढा. मध्ये दोरे शिडीसारखे दिसले तर टाके लांब आहेत. साध्या सुती कपड्यात इंचाला दहाबारा टाके असावेत, सहासात असतील तर तो कपडा नुसता टाचलेला आहे, शिवलेला नाही. कापड दोन तळव्यांत चोळा. हाताला पांढरी भुकटी लागली तर ती खळ. दुकानात जाडजूड वाटलेलं कापड पहिल्या धुण्यात मलमलीसारखं होईल. रुमालाचा कोपरा ओला करून आतल्या बाजूला घासा, रंग लागला तर ठेवून द्या. टी शर्ट असेल तर विणीच्या उभ्या रेघा बाजूच्या शिवणीला समांतर आहेत का बघा. तिरक्या असतील तर धुतल्यावर शिवण पोटावर येते. (तुम्ही सगळ्यांनी हे अनुभवलंय, फक्त कारण माहीत नव्हतं.)

"प्युअर कॉटन आहे" यावर तर मुळीच विसंबू नका. घरी आल्यावर आतला एक दोरा काढून मुलांपासून दूर, ताटलीत, काडीने पेटवा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळतं, त्याचा कडक मणी होतो. एप्रिलच्या उन्हात तो मणी अंगभर घालून मूल का किरकिरतं हे मग वेगळं विचारावं लागत नाही.

आता बटणं. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण इथे प्रश्न पैशांचा राहत नाही. स्वस्त कपड्यांत बटण पुष्कळदा साखळी टाक्याने लावलेलं असतं. मागच्या बाजूला दोऱ्याचं शेपूट सापडलं आणि ओढलं की सर्रकन सगळं सुटतं आणि बटण हातात येतं. मोठ्या माणसाच्या शर्टाचं सुटलं तर चिडचिड होते. दहा महिन्यांच्या मुलाचं सुटलं तर ते तोंडात जातं. गळ्याशी डिंकाने चिकटवलेली फुलं, टिकल्या, मोती, प्लास्टिकची फुलपाखरं यांचंही तेच. रांगतं मूल आपल्या छातीवरचं फुलपाखरू खुडून काढायचा प्रयत्न करणार नाही असं ज्याला वाटतं, त्याने मूल पाहिलेलंच नाही! आणि गळ्याशी लोंबणाऱ्या नाड्या. युरोपात मुलांच्या कपड्यांच्या नाड्यांसाठी वेगळं मानक आहे, सात वर्षांखालच्या मुलांच्या टोपीला किंवा गळ्याला नाडी त्यात चालत नाही. घसरगुंडीवर नाडी अडकून फास बसतो म्हणून. आपल्या तिरुपूरचा माल तिकडे जातो तो तिकडच्या अटी पाळून जातो. म्हणजे आपल्या कारागिरांना येत नाही असं नाही. तिकडचा गिऱ्हाईक विचारतो, आपण विचारत नाही.

शर्ट-फ्रॉकचं घरगुती भांडण आणि सरकारी गणवेशाचं भांडण मला वेगळं वाटत नाही. २०२४-२५ साली राज्याने सरकारी शाळांतल्या मुलांसाठी "एक राज्य, एक गणवेश" ही योजना आणली. कापड एकगठ्ठा घ्यायचं आणि बचत गटांकडून शिवून घ्यायचं. त्या वर्षीची वर्तमानपत्रं आठवा. शाळा सुरू होऊन महिने गेले तरी कित्येक ठिकाणी गणवेश पोचले नाहीत, पोचले तिथे मापांच्या आणि शिलाईच्या तक्रारी. बचत गटांच्या बायकांना दोष देऊ नका. ज्यांनी मूलच पाहिलेलं नाही त्यांनी त्याच्या मापाचे कपडे बेतले तर आणखी काय होणार? डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. चांगलं झालं. पण आता समितीवर जबाबदारी आली की! समग्र शिक्षेत दोन गणवेशांना मिळून मुलामागे ६०० रुपये धरलेले आहेत. फार नाहीत, म्हणूनच एकेक रुपया शिवणीत दिसला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. त्यांनी नमुन्याचा एक शर्ट टेबलावर उलटा करून घ्यावा, एकदा धुऊन वाळवून घ्यावा, आणि मगच मुख्याध्यापकांना सही करू द्यावी. माझ्या ओळखीतल्या ज्या ज्या आया समितीवर आहेत त्यांना मी हे फोन करून सांगितलंय. एकदोघींनी फोन ठेवताना हसू दाबलं ते मला ऐकू आलं. चालेल.

आता नातेवाईक मंडळी, शेवटी तुमची पाळी, रागावू नका. खोक्यातला बाबासूट हा सगळ्यांत फसवा प्रकार आहे, कारण तो घेणारा तो कधी धूत नाही आणि धुणारीने तो निवडलेला नसतो. वर पारदर्शक झाकण, आत पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून बसवलेला सदरा, बो, टोपी, मोजे. उलटा करून बघायची सोयच नाही. आमच्या कपाटात असे सात खोके आहेत, एकदाही न घातलेले, कारण सूनबाईने पहिल्या खोक्यातल्या पाच टाचण्या काढल्या आणि सहावी सदऱ्याच्या काखेत सापडली.

पुढच्या महिन्यात आपल्याकडे बारसं आहेच. येणाऱ्यांनी खोकं आणू नये. साधी सुती झबली आणावीत, पुढून उघडणारी, टिकल्या नसलेली, वर्षाच्या मापाची. नाही तर दोन मीटर चांगलं कॅम्ब्रिक आणि शिलाईचे पैसे द्यावेत, गल्लीतल्या शिंप्याचा मुलगा अजून शिवतो. मी दारातच खुर्ची टाकून बसणार आहे आणि आलेला प्रत्येक कपडा उलटा करून बघणार आहे. आधीच सांगून ठेवलंय, मग म्हणू नका.