कुठं वाचलंस गं?

आमच्या महिला मंडळाला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण होतायत. हळदीकुंकू, सहल हे दरवर्षीचंच. म्हणून ठरलं, या वेळी एक पुस्तिका काढायची. विषय? आमच्या दारावरून वाहणारा मुठा उजवा कालवा! खडकवासल्याहून निघून पर्वती, स्वारगेट, हडपसर करत पार दौंड-इंदापूरकडे जाणारा. दहा-अकरा जणींनी थोडं थोडं लिहायचं आणि ते एकत्र मी करायचं. बी.ए.ला इतिहास होता ना माझा, मग काय, माळ माझ्याच गळ्यात!

कागद हातात आले. पहिलंच वाक्य, ‘हा कालवा पेशव्यांनी बांधला.’ अहो, पेशवाई संपली १८१८ मध्ये! नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावांतलं पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणलं हे खरं, पण तो जमिनीखालचा नळ. आपला हा उघडा कालवा खडकवासला धरणाबरोबरचा, इंग्रजी अमदानीतला, १८७० च्या दशकातला. दुसरीनं लिहिलं, ‘दीडशे वर्षांपूर्वीचं धरण आजही जसंच्या तसं उभं आहे.’ १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं हे पुण्यात शेंबडं पोरही सांगेल. पण त्याच दिवशी खडकवासलाही फुटलं आणि ते नंतर पुन्हा बांधलं, हे मात्र आपण विसरतो.

‘कुठं वाचलंस गं?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘अगं, सगळे असंच म्हणतात.’ आणि विचारणारीच वाईट! एकीनं तर तोंडावर सांगितलं, ‘घरचं कार्य आहे, पीएच.डी. नाही.’

मलाही क्षणभर वाटलं, जाऊ दे, कशाला दुखवा कुणाला? पण शेवटचा कागद वाचायला घेतला, २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली त्याबद्दलचा. त्यात होतं, ‘वस्तीतल्या लोकांनी भिंत पोखरली, म्हणून कालवा फुटला. रात्रीच्या पावसात माणसं वाहून गेली.’

आमची एक सभासद त्याच वस्तीत राहते, चार घरची कामं करते. एरवी मीटिंगमध्ये फारसं बोलत नाही. ती हळूच म्हणाली, ‘ताई, कालवा दिवसाढवळ्या फुटला. माझी भांडी वाहून गेली, पोराची दप्तरं गेली. भिंत आम्ही पोखरली हे कुणी बघितलं?’

सगळ्या गप्प. लिहिणारीनं दोन प्रसंग एक केले होते. रात्रीच्या पावसानं आंबील ओढ्याला पूर आला आणि माणसं गेली, ती २५ सप्टेंबर २०१९ ची गोष्ट. जवळजवळ एका वर्षानंतरची, आणि दांडेकर पुलाच्या परिसरालाच पुन्हा तडाखा. भिंतीबद्दल म्हणाल, तर तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनी उंदीर, घुशी, खेकड्यांकडे बोट दाखवलं होतं. मग ‘मंत्री असं म्हणाले’ एवढंच लिहावं. वस्तीवर आळ घालायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मैत्रिणींनो, एकटीनं लिहिलं की चूक आपली असते. दहा जणींनी मिळून लिहिलं की ती कुणाचीच राहत नाही, आणि छापून आली की खरी होऊन बसते. म्हणून आम्ही आता ठरवलंय, प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीनं लिहायचं : वाचलं, पाहिलं की ऐकलं. वाचलं असेल तर कुठलं पुस्तक, कितवं पान. १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, जुनी वर्तमानपत्रं आहेत, दुपारच्या सीरियलऐवजी एक दिवस वाचनालयात जायला काय हरकत आहे? पाहिलं असेल तर कुणी, तिचं नाव. आणि नुसतंच ऐकलं असेल तर ‘असं सांगतात’ म्हणून लिहायचं. आजीनं सांगितलेल्या कालव्यावरच्या धुण्याच्या गप्पा काढायच्या नाहीत बरं का! त्या आठवणी म्हणूनच छापायच्या.

पुस्तिका दोन महिने लांबली. २०१८ चं पान आता त्या वस्तीतल्या मैत्रिणीकडे दिलंय. ती सांगते, माझी मुलगी उतरवून घेते, आणि लिहून झालं की तिला वाचून दाखवते. परवा तिनं एक चूक काढली, तीही माझी!