अर्धाच चाणक्य

ज्याने पंचायत समितीचे चार सदस्य फोडले तो आमच्याकडे चाणक्य ठरतो. शहापूर-मुरबाडच्या नाक्यांवर त्याच्या वाढदिवसाचे फलक लागतात, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि बातमीदारही तीच पदवी बिनदिक्कत छापतात. मला या पदवीची चीड आहे. खऱ्या चाणक्याचा, म्हणजे कौटिल्याचा, ग्रंथ मराठीत मिळतो. पण यांच्यापर्यंत त्यातलं साम-दाम-दंड-भेद एवढंच पोचलं, तेही ऐकीव.

त्याच ग्रंथात राजाने तळी-बंधारे बांधावेत, रयत बांधत असेल तर तिला साहाय्य द्यावं, असं बजावलंय. दुसऱ्याचं पाणी अडवणाऱ्याला दंड आहे. सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजून दिलेत. आणि प्रजा कंगाल झाली की लोभी होते, लोभी झाली की मनातून उतरते, मग सरळ शत्रूला जाऊन मिळते, हेही लिहिलंय. हे कुठल्या फलकावर येत नाही.

शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाजतंय. भातसा तर आज मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भार उचलते. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघत बसतात. शंभरेक किलोमीटरवरच्या महानगरात जलवाहिनी नेता आली, तर धरणाच्या कुशीतल्या पाड्यावर नेणं अशक्य नव्हतं. ते आपलं काम आहे, असं ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांना वाटलंच नाही. हा नाकर्तेपणा आहे, आणि त्याला मुत्सद्देगिरीचं नाव देणाऱ्यांनी लाज बाळगावी.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५च्या सुमाराचं. स्वराज्याच्या आरमाराला लाकूड हवंच होतं. तरी त्यात हुकूम आहे: रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, ही झाडं तिने पोटच्या पोरासारखी वाढवलीत. एखादं झाड जीर्णच झालं असेल तर धन्याला राजी करा, पैसे द्या, मग तोडा, जबरदस्ती नको. युद्धाच्या धामधुमीतलं राज्य एका फणसासाठी कुणब्याची संमती मागत होतं. आणि मुरबाडच्या काळू धरणाचं काम? वनखात्याची मंजुरी हाती नसताना सुरू झालं. हजारेक हेक्टर जंगल बुडणार, गावं उठणार, ग्रामसभा नाही म्हणतात, तरी यंत्रं चालूच. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली तेव्हा कुठे २०१२मध्ये स्थगिती मिळाली. ज्यांनी लोकांच्या वतीने उभं राहायचं, त्यांच्याविरुद्ध लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

मॅकियाव्हेलीला कपटाचा गुरू म्हणतात. त्यानेही १५१३मध्ये राजाला बजावलंय की रयतेच्या मालमत्तेला हात घालू नकोस. बाप मेल्याचं दुःख माणूस विसरेल, वडिलोपार्जित गेलेलं विसरणार नाही. भूसंपादनाच्या नोटिसा वाटणाऱ्यांनी हे वाक्य टेबलाच्या काचेखाली ठेवावं.

कोणी म्हणेल, या ग्रंथांत विष आहे, हेर आहेत, वचनभंगही आहे. आहेच. मला त्यातलं काही नको. पण ज्यांना मतदारापुढे कधी जायचं नव्हतं, त्या राजांसाठी लिहिणाऱ्यांनाही कळलं होतं की नागवलेल्या रयतेवर गादी टिकत नाही. आमच्याकडे तर १९९६चा पेसा कायदा आहे. अख्खा शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे जमीन घेण्याआधी ग्रामसभेला किंवा पंचायतीला विचारणं ही मेहेरबानी नाही, कायद्याने घातलेलं बंधन आहे.

फलक लावणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे. पुढच्या वाढदिवसाआधी साहेबांना दोन गोष्टी विचारा. भातसाच्या पाण्यातला आपल्या पाड्यांचा हिस्सा किती, आणि तो मागायला ते मंत्रालयात कधी गेले? काळूकाठच्या ग्रामसभेत ते कधी खाली बसले, आणि विरोधाचा ठराव वाचून होईपर्यंत थांबले का?