तिवराला तिवर म्हणा

उत्तरेस वैतरणा आणि दक्षिणेस वसईची खाडी, या दोहोंमधील खाजणे आणि मिठागरे पावसाचे व भरतीचे पाणी सामावून घेतात. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमधील वस्त्या कित्येक दिवस पाण्याखाली राहिल्या. पाण्याची जागा बळकावली की पाणी माणसांच्या घरात शिरते, हा धडा तेव्हा सर्वांनाच मिळाला.

या जमिनींच्या रक्षणासाठी कायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटीच्या तोडीस मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला. जमिनीची मालकी कोणाचीही असो, खारफुटीभोवतीचा ५० मीटरांचा पट्टाही संरक्षित मानला. परंतु पंचनाम्यात 'झाडेझुडपे' एवढीच नोंद झाली, तर हा निकाल कोणत्या कामाचा?

म्हणून वनस्पती ओळखणे हा केवळ अभ्यासकांचा छंद नव्हे. ते कार्यकर्त्याचे काम आहे. चिखलातून पेन्सिलीसारखी श्वासमुळे वर आलेली आणि पानांची खालची बाजू फिकट असलेली ती तिवर. कमानीसारख्या आधारमुळांवर उभी असलेली आणि झाडावरच बी रुजून लांब शेंगेसारखी लोंबणारी ती कांदळ. काटेरी कडांची पाने आणि जांभळी फुले मारांडीची. उलट, गोड्या पाण्याच्या तलावावरील जलपर्णी हिरवी दिसते म्हणून राखायची नसते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यावर पोसते. तिच्या फैलावावरून गटाराचा माग काढता येतो.

कुऱ्हाड न लावताही खारफुटी मारता येते. बांध घालून भरती अडवली किंवा श्वासमुळांवर राबिट ओतले, की झाडे उभ्या उभ्या वाळतात. मग 'येथे झाडेच नव्हती' म्हणायला भरावदार मोकळा होतो. त्याच भरावावर चाळी उठतात, त्यांत आयुष्याची पुंजी घालून कामगार राहायला येतो आणि पुरात तोच बुडतो. आपला लढा भराव घालणाऱ्याशी आहे, त्या कामगाराशी नाही, याचे भान सुटता कामा नये.

चिखलात मासे-खेकडे पकडणाऱ्या कोळी आणि आदिवासी स्त्रियांना ही झाडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. कार्यकर्त्यांनी त्यांच्याकडून ती शिकून घ्यावीत, ओहोटीच्या वेळी खाजणे पायी फिरावीत आणि झाडांच्या नावांसह, गट क्रमांकासह, तारखेसह लेखी नोंदी कराव्यात. भराव पडल्यानंतर काढलेल्या मोर्चापेक्षा भरावाआधी लिहिलेली अशी एक नोंद अधिक मोलाची ठरेल.