नजर जाते की आपण टाकतो?

मराठीत "माझी नजर गेली" असंही म्हणतात आणि "मी नजर टाकली" असंही. पहिल्या वाक्यात कर्ता नजर आहे, दुसऱ्यात मी. हा फरक आपल्याला कुणी शिकवलेला नसतो, पण बोलताना तो आपण सहसा चुकत नाही. रस्त्यात भांडण चाललेलं असेल तर तिकडे नजर जाते. निकालाच्या यादीवर आपण नजर टाकतो.

मी झूऑलॉजीची विद्यार्थिनी. तिसऱ्या वर्षाला मज्जासंस्था शिकताना लक्षात आलं की मेंदूतसुद्धा ही दोन वाक्यं बरीचशी वेगवेगळ्या जागी घडतात. पण हा लेख भाषेच्या कौतुकासाठी नाही. विषय परीक्षेचा आहे. ऑनलाइन चाचण्यांमध्ये आता कॅमेरा आपल्या डोळ्यांवर पहारा ठेवतो आणि 'नजर स्क्रीनबाहेर' ही नोंद गुन्ह्यासारखी वापरली जाते. माझं मत असं की नजर कुठे गेली यावरून कुणी कॉपी केली हे ठरवणं चूक आहे. ते का चूक आहे हे सांगायला डोळ्यांचं थोडं शास्त्र लागतं. तेवढं सहन करा.

आधी घरी एक प्रयोग करून पाहा. आरशासमोर उभं राहून एकदा स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या. डोळे हलताना तुम्हाला दिसणार नाहीत, कितीही प्रयत्न केला तरी. शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला मात्र ते टुणकन उडताना स्पष्ट दिसतील. डोळा उडी मारत असतो तेवढ्या क्षणापुरतं मेंदू दिसणं दाबून टाकतो. अशा उड्या आपण सेकंदाला साधारण 3 मारतो, म्हणजे जागेपणी दिवसाला लाखाच्या वर. त्यातल्या किती आठवतात?

या उड्यांना सॅकेड म्हणतात. घोड्याचा लगाम झटक्यात ओढावा तसा झटका, अशा अर्थाचा तो फ्रेंच शब्द. 19व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एमिल झावाल हे नेत्रवैद्य वाचनाचा अभ्यास करत होते. डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहत जात नाही, तो थांबत थांबत उड्या मारतो, हे त्या काळातल्या निरीक्षणांतून पुढे आलं आणि हा शब्द झावालांमुळे रुजला. वाचन आयुष्यभर अभ्यासणाऱ्या या माणसाची दृष्टी पुढे काचबिंदूने गेली. मग त्यांनी अंधांसाठी पुस्तक लिहिलं.

उड्या माराव्या का लागतात? कारण आपल्याला स्पष्ट फार थोडं दिसतं. हात लांब करून अंगठा धरा. त्याच्या नखाएवढा भाग काय तो लख्ख. बाकी सगळं अंदाजाने, पुसट. म्हणून त्या नखाएवढ्या खिडकीतून जग पाहायचं तर खिडकी सतत हलवत राहावी लागते. आणि प्रत्येक उडीआधी मेंदूला ठरवावं लागतं: आता कुठे?

हे ठरवणारं एक ठिकाण मध्यमेंदूत आहे, सुपीरियर कॉलिक्युलस. बेडकांत आणि माशांतही त्याचंच जुनं रूप सापडतं, इतकं ते पुरातन. त्यात समोरच्या जागेचा नकाशा असतो. 1972 साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी माकडांच्या मेंदूत या नकाशावर ठिकठिकाणी सूक्ष्म विद्युतप्रवाह देऊन पाहिला. नकाशावरची जागा ठरली की उडीची दिशा आणि लांबीही ठरलेली. नेहमीच्या जगण्यात या नकाशावर एकाच वेळी अनेक ठिकाणं पेटलेली असतात: दारात हललेली सावली, टेबलावरचा पेन, वाचायचा पुढचा शब्द. त्यांच्यात चढाओढ लागते, एक ठिकाण दुसऱ्याला दाबतं, आणि जे जिंकतं तिकडे डोळा जातो. दोन ठिकाणं अगदी जवळजवळ असली तर कधीकधी डोळा दोहोंच्या मधेच जाऊन पडतो, जिथे काहीच नसतं! मला हे फार आवडलं. तह झाल्यासारखं.

या नकाशावर सतत एक ब्रेक दाबलेला असतो. पार्किन्सनच्या आजारात ज्याचं नाव ऐकू येतं त्या सबस्टॅन्शिया नायग्राच्या एका भागातून हा ब्रेक येतो, आणि उडीच्या आधी तो क्षणभर सुटतो. हिकोसाका आणि वुर्त्स यांनी 1983 मध्ये हे दाखवलं. म्हणजे डोळा हलवण्यासाठी जोर लावावा लागतो असं नाही. हलायला तो टपलेलाच असतो, मेंदू त्याला धरून ठेवतो.

वरून, कपाळामागच्या भागातून, दुसरी वाट येते. तिथलं फ्रंटल आय फील्ड आपला हेतू, आपला शोध या चढाओढीत घालतं. पीटर शिलर यांच्या गटाने 1980 च्या सुमारास माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की या दोहोंपैकी एक जागा निकामी केली तरी डोळे बरेचसे सावरतात. दोन्ही गेल्या तर डोळे जवळजवळ जागीच अडकतात. 'नजर जाते' आणि 'नजर टाकतो' या दोन वाटा म्हटल्या त्या या. मात्र त्या दोन सरळ समांतर रस्त्यांसारख्या नाहीत. शेवटी दोघींनाही त्याच नकाशावर भांडावं लागतं.

आणि या भांडणात हेतू नेहमी जिंकत नाही. 1978 मध्ये हॅलेट यांनी एक साधी परीक्षा काढली: बाजूला ठिपका चमकला की त्याच्या बरोबर उलट दिशेला पाहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण धडधाकट माणसांचाही डोळा मधूनमधून ठिपक्याकडेच जातो. मुलांचा जास्त वेळा जातो. वय वाढेल तशी ही चूक कमी होते, कारण कपाळामागचा तो भाग पिकायला वेळ लागतो.

पुढचा प्रयोग माझ्या मुद्द्याच्या अगदी जवळचा आहे. 1998 मध्ये डच मानसशास्त्रज्ञ यान थेवेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना सांगितलं की पडद्यावर वेगळ्या रंगाच्या वर्तुळाकडे पाहा. मधेच भलतीकडे एक नवीन वर्तुळ अचानक उगवायचं, ज्याचा कामाशी काही संबंध नाही. अनेकदा लोकांचा डोळा आधी त्या नव्या वर्तुळाकडे निघाला, तिथे क्षणभर थांबला आणि मग ठरलेल्या जागी आला. नंतर विचारलं तर आपण तिकडे पाहिलं होतं याचा बहुतेकांना पत्ताच नव्हता.

आता माझ्या चुलतबहिणीची गोष्ट सांगते. काचिगुड्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर. तिने एका प्रवेशाची चाचणी घरून दिली, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. आजी आतून बाहेर येते, दार वाजतं, भिंतीवर पाल आहे, खाली भाजीवाला ओरडतोय. त्यात तिला हिशोब मनात करताना वर, छताच्या कोपऱ्याकडे बघायची लहानपणापासूनची सवय. दोन वेळा पडद्यावर सूचना आली आणि तिसऱ्यांदा चाचणी बंद झाली. नंतर आलेल्या पत्रात कारण होतं, वारंवार स्क्रीनबाहेर पाहणे. तिने उत्तरात लिहिलं, मी पाहिलं नाही. ती खोटं बोलत होती का? थेवेसच्या प्रयोगातली माणसं जितकं खोटं बोलत होती तितकंच.

छताकडे पाहण्याचंही काही सांगायला हवं. अवघड प्रश्न आला की माणसं समोरून नजर काढून घेतात. त्याच 1998 साली आर्थर ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रश्न कठीण होतो तसं हे वाढतं, आणि नजर काढून घेतल्याने आठवायला मदतही होते. समोरचं दिसणं बंद केलं की मेंदूवरचा तेवढा भार उतरतो. म्हणजे जो खरोखर डोकं चालवतो आहे त्याचीच नजर पेपरवरून जास्त उठणार. सगळ्यात गरीब गायीसारखा पेपरकडे बघत बसलेला मुलगा कदाचित काहीच आठवत नसल्यामुळे तसा बसलेला असेल. (आमच्या बॅचमध्ये असे दोन आहेत. नावं सांगत नाही.)

इथे कुणी म्हणेल, मग काय, मेंदूने केलं म्हणून सगळं माफ? तसं मी म्हणत नाही. हेतूने नजर किती बदलते याचा सगळ्यात सुंदर पुरावा मॉस्कोच्या आल्फ्रेड यार्बस यांनी दिला. त्यांचं पुस्तक 1965 चं. डोळ्यावर चिकटणारी बारीक टोपी, तिच्यावर इवलासा आरसा, आरशावरून उडालेला प्रकाश फोटोच्या कागदावर रेषा काढतो, अशी त्यांची सोय होती. त्यांनी इल्या रेपिन यांचं एक चित्र दाखवलं. हद्दपारीतून परतलेला माणूस अचानक घरात येतो, आई खुर्चीतून उठते आहे, मुलं टेबलाशी बसली आहेत. एकाच माणसाला तेच चित्र पुन्हा पुन्हा, दर वेळी तीन मिनिटं, पण दर वेळी वेगळा प्रश्न देऊन दाखवलं. यांची वयं सांगा म्हटलं की डोळ्यांच्या रेषा चेहऱ्यांवर दाटतात. घरची परिस्थिती कशी आहे विचारलं की त्या सामानावर आणि कपड्यांवर पसरतात. पाहुणा किती काळ दूर होता असं विचारलं की डोळे एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर ये-जा करतात. चित्र तेच, डोळे तेच, प्रश्न बदलला की वाट बदलली.

हैदराबादकरांना तर याचा रोजचा अनुभव आहे. सुलतान बाजारातल्या पाट्यांवर तेलुगू, इंग्रजी, उर्दू एकाखाली एक. आपण दुकान शोधत असलो की वाचता येणाऱ्या लिपीवर आपोआप उतरतो. उर्दू आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्यांवरचा एक अभ्यास आहे: उर्दू वाचताना त्यांच्या डोळ्यांची पुढची तयारी डावीकडे असते, इंग्रजी वाचताना उजवीकडे. डोळा पडतो त्याच्या आजूबाजूचं किती टिपायचं तेही वाचणाऱ्याच्या शिकण्याने ठरतं. तेव्हा नजर म्हणजे निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया, असं मानणंही तितकंच चूक.

पण यार्बस यांच्या प्रयोगात एक गोष्ट विसरू नये. त्या रेषांचा अर्थ त्यांना लागला, कारण प्रश्न त्यांनीच विचारला होता. प्रश्न माहीत नसताना नुसती रेषा हातात दिली तर तिच्यावरून मनातला हेतू ओळखणं ही वेगळीच गोष्ट आहे. कॅमेऱ्याच्या हातात नुसती रेषा असते. डोळा डावीकडे गेला एवढंच त्याला कळतं. तिथे चिठ्ठी होती, पाल होती, आजी होती की सतरा गुणिले तेवीस होतं, हे त्याला कळत नाही.

माझी मावशी शाळेत शिकवते, वीसेक वर्षं परीक्षेला सुपरवायझर म्हणून उभी राहिली आहे. तिला हे सगळं सांगितलं तर हसली. म्हणाली, "अगं, डोळे कोण बघतंय? मी मान बघते. ज्याला बघायचंय त्याची मान वळते, आणि वळून तिथेच राहते. आणि माझ्याकडे चोरून किती वेळा बघतो तेही." शास्त्राच्या भाषेत ती बरोबरच बोलली. साधारण 20 अंशांपलीकडे पाहायचं असेल तर डोळ्यासोबत डोकंही वळू लागतं. आणि एकदा चुकून गेलेली नजर आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी जाऊन रेंगाळणारी नजर यांत फरक आहे. पहिली उडी आपल्या हातात नसेल, तिथे थांबून राहणं बरंचसं असतं. त्यावरही मावशी लगेच पेपर ओढून घेत नाही. ती जवळ जाऊन उभी राहते, शेजाऱ्याचा पेपर बघते, बाक बदलते. संशय आणि निकाल यांच्यामध्ये ती चार पावलं टाकते. कॅमेऱ्याची चाचणी ती पावलं टाकतच नाही.

मला कॅमेराच नको असं नाही. घरून परीक्षा देता आली म्हणून बहिणीसारख्या कितीतरी मुलींचा प्रवास वाचतो, तेही खरं. पण कॉपी पकडायची तर पेपर बघा. प्रश्नांचा क्रम प्रत्येकाला वेगळा द्या, दोघांची तीच चूक त्याच ओळीत सापडते का ते तपासा, शंका आली तर पाच मिनिटं तोंडी विचारा. लिहिलेलं उत्तर ज्याचं त्याला समजावून सांगता येतं की नाही, हे डोळ्यांच्या रेषेपेक्षा पुष्कळ काही सांगून जातं.

पुढच्या सत्रापासून आपल्या कॉलेजातल्या काही अंतर्गत चाचण्याही कॅमेऱ्यासमोर होणार असं ऐकते आहे. आम्ही तिसऱ्या वर्षाच्या काही जणींनी प्राचार्यांना द्यायचा अर्ज तयार केला आहे. त्यात एवढंच मागितलं आहे की नुसत्या नजरेच्या नोंदीवरून कुणाचीही चाचणी बंद करू नये, नोंद झालीच तर माणसाने ती पाहावी, आणि विद्यार्थ्याला आपलं म्हणणं मांडू द्यावं. मराठी मंडळाच्या सूचनाफलकाशेजारी अर्ज ठेवला आहे. वाचा, पटला तर सही करा. शुक्रवारी दुपारी तो आम्ही कचेरीत नेऊन देणार आहोत.