बळ वाढवायचे कोणाचे?

करोनाची साथ ओसरली, पण ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ काढ्यांचा आणि गोळ्यांचा बाजार ओसरला नाही. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, हे आपण जणू गृहीतच धरले आहे. ल्युपस हा आजार नेमका या समजुतीच्या उलट आहे. ल्युपसच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती केवळ दुबळी नसते. ती घरच्यांवरच उलटलेली असते. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि त्यांचा कचरा एरवी निमूटपणे उचलला जातो. ल्युपसमध्ये तो पुरता उचलला जात नाही. त्यातील डीएनएलाच शरीर शत्रू मानते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. प्रतिपिंडे व डीएनए यांचे पुंजके रक्तातून फिरत मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात. तेथे दाह सुरू होतो.

अशा रुग्णाला शेजारीपाजारी प्रेमाने गुळवेल सुचवतात. प्रतिकारशक्तीला चिथावणारे काहीही या आजारात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, मग ते कितीही ‘नैसर्गिक’ असो. येथे औषधांचे काम प्रतिकारशक्तीला आवर घालण्याचे आहे. त्यातले मुख्य औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मार्च 2020 मध्ये करोनाप्रतिबंधक म्हणून त्याचा गाजावाजा झाला आणि ल्युपसच्या रुग्णांना ते दुकानांत मिळेनासे झाले. करोनावर ते निरुपयोगी ठरले. ल्युपसमध्ये मात्र ते आजही आधार आहे, गरोदरपणातही. बरे वाटते म्हणून ते परस्पर बंद केले की आजार पुन्हा उसळण्याचा धोका वाढतो. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी डोळ्यांची नियमित तपासणी करायची, एवढे पथ्य.

पण औषधापर्यंत पोहोचायलाच उशीर होतो. दहा रुग्णांमागे नऊ स्त्रिया, त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या. सांधे दुखतात म्हणून एक डॉक्टर, केस गळतात म्हणून दुसरा, तोंड येते म्हणून घरगुती उपाय. बारीक ताप आणि थकवा तर ‘अंगात रक्त कमी’ या सदरात जातो. गालांवर व नाकावर उमटणारा फुलपाखरासारखा चट्टा पुस्तकांत लाल दाखवतात. सावळ्या त्वचेवर तो काळपट दिसतो आणि वांग समजून त्यावर मलमे चोळली जातात. एएनए ही रक्तचाचणी निरोगी माणसांतही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते, तेव्हा तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. खरी काळजी मूत्रपिंडाची, कारण ते बिघडताना बहुधा दुखत नाही.

लघवीतून प्रथिने जाऊ लागली की मात्र ते कळते. ही साधी, स्वस्त तपासणी आपली प्राथमिक आरोग्य केंद्रे गर्भवतींसाठी करतातच. आठवडेच्या आठवडे ताप, सांधेदुखी आणि चट्टे घेऊन येणाऱ्या तरुणीलाही, लोहाच्या गोळ्या हातावर ठेवून परत पाठवण्याआधी, तीच तपासणी सांगायला हवी.