सांगितले तर कॉलेज बंद होईल?

बारावीचा निकाल लागला की शहापूर-मुरबाडकडच्या घरांत हिशेब सुरू होतो. कोणते कॉलेज, फी किती, पास कुठून काढायचा, आणि सोबत कोण? मुलाच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. मुलीच्या बाबतीत तोच आधी येतो आणि पुष्कळदा सगळा निर्णय त्याच्यावर ठरतो. सोबत मिळाली तर कॉलेज, नाही मिळाली तर घरी बसून बाहेरून परीक्षा.

कॉलेजातल्या सुरक्षिततेवर या महिन्यात लिहायचे ठरवले ते म्हणूनच. "जपून राहा" हे सांगण्यासाठी नाही. ते आमच्या मुलींना लहानपणापासून रोज ऐकायला मिळते आणि त्या जपूनच राहतात. अडचण पुढची आहे. जपूनही काही घडले, तर घरी सांगायची सोय नसते.

आधी रस्ता पाहू, कारण आमच्याकडे कॉलेज फाटकापाशी सुरू होत नाही. शहापुरात सोनूभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, मुरबाडपाशी शिवळ्याला शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय आहे, आसनगावला इंजिनीअरिंगची सोय आहे. ज्यांना याहून वेगळे काही शिकायचे असते त्या कल्याण, उल्हासनगर, ठाणे, मुंबई गाठतात. शहापूरची मुलगी शेअर रिक्षाने आसनगाव स्टेशनवर येते आणि लोकल पकडते. कसाऱ्याकडच्या गाड्या काही दर पाच मिनिटांनी सुटत नाहीत. एक चुकली की बराच वेळ फलाटावर. मुरबाडला तर रेल्वेच नाही. सगळी भिस्त एसटीवर आणि वाटेत मिळेल त्या जीपवर. डिसेंबरात मगरिबची अजान सहाच्या सुमारास होते. त्या वेळी कुणी खडवली-वासिंदच्या मध्ये लोकलमध्ये उभी असते, तर कुणी मुरबाडच्या स्टँडवर टोकावड्याकडची गाडी लागायची वाट पाहत असते. किन्हवली, डोळखांब, धसई या बाजूंना शेवटची गाडी चुकणे म्हणजे काय, ते ज्यांच्या घरातली मुलगी रोज जाते त्यांनाच ठाऊक.

कायद्याने आवार कुठपर्यंत मोजले आहे, ते इथे कामाचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने लैंगिक छळाविरुद्ध २०१५ चे नियम केले. त्यांत कॉलेजचे आवार म्हणजे नुसती इमारत आणि मैदान नव्हे. कॉलेजने ये-जा करण्यासाठी दिलेली बस, सहल, शिबिर, क्रीडास्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव, इंटर्नशिपची जागा, विद्यार्थी म्हणून जिथे जिथे जावे लागते ते सगळे त्यात येते. खेड्यावर सात दिवसांचे एनएसएस शिबिर असेल आणि तिथे कोणी वावगे वागले, तर "ते कॉलेजबाहेर झाले" असे म्हणून कॉलेजला हात झटकता येत नाहीत. मात्र एसटी, लोकल आणि शेअर रिक्षा या व्याख्येत बसत नाहीत. त्या कॉलेजने दिलेल्या नाहीत. म्हणजे आमच्या मुलींचा रोजचा सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात उघडा भाग कॉलेजच्या जबाबदारीबाहेर राहतो.

तिथे पोलीस. लोकलमध्ये किंवा फलाटावर घडले तर लोहमार्ग पोलीस, त्यांचा क्रमांक १५१२. रेल्वेचा १३९ ही चालतो. रस्त्यावर किंवा स्टँडवर घडले तर ११२. आमच्या भागात हद्दी फार गुंतागुंतीच्या आहेत. शहापूर, वासिंद, किन्हवली, कसारा, मुरबाड, टोकावडे ही ठाणी ठाणे ग्रामीणची, कल्याण शहर ठाणे आयुक्तालयाचे, रूळ आणि फलाट लोहमार्गचे. घाबरलेल्या मुलीने हद्द कुठे शोधायची? तिला शोधावी लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी जवळच्या ठाण्याने तो लिहून घ्यायचा आणि मग योग्य ठिकाणी पाठवायचा. याला शून्य क्रमांकाची फिर्याद म्हणतात. विनयभंग, पाठलाग अशा गुन्ह्यांत मुलीची माहिती महिला पोलिसाने लिहून घ्यायची असते. रोज त्याच डब्याशी उभे राहणे, नको म्हटल्यावरही मागे मागे येणे, मोबाइलवर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. अकरावी-बारावीची मुले-मुली याच आवारात असतात आणि त्यांना अठरा पूर्ण नसतात. त्यांच्यासाठी पॉक्सो कायदा आहे, १०९८ हा क्रमांक आहे.

इतके सगळे असून तक्रारी का होत नाहीत? आम्ही ज्या ज्या मुलींशी बोललो त्यांचे उत्तर थोड्याफार फरकाने एकच होते. घरी सांगितले तर त्या मुलाचे काय होईल ते माहीत नाही, पण माझे कॉलेज मात्र नक्की बंद होईल. एकीने आसनगावच्या गाडीत रोज त्रास देणाऱ्याला चुकवण्यासाठी पहाटेची लोकल धरली आणि घरी सांगितले की प्रॅक्टिकल लवकर असते. वर्षभर ती तास-दीड तास आधी घर सोडत होती. अम्मी तिच्यासाठी फजरच्या आधी उठून डबा करत होती, आणि कारण तिला माहीत नव्हते.

ही भीती खोटी नाही. आमच्याकडे असे घडते हे आपण जाणतो. त्रास देणारा आपल्या जागी राहतो आणि मुलगी घरी बसते. मग घाईने स्थळ पाहिले जाते. शेजारच्या घरातली मुलगी हे बघते आणि तिच्याही तोंडाला कुलूप लागते. म्हणून पालकांना आमचे सांगणे असे की प्रवेशाआधीच, काहीही घडलेले नसताना, अब्बांनी आपल्या तोंडाने मुलीला सांगावे: "काहीही झाले तरी आम्हाला सांग, तुझे शिक्षण थांबणार नाही." अम्मीकरवी निरोप नको. मुलीला अब्बांच्या निर्णयाची भीती असते, म्हणून शब्दही त्यांचाच हवा.

भावांबद्दलही थोडे. बहिणीला त्रास झाला म्हणून चार मित्र घेऊन स्टँडवर जाणारा भाऊ आपल्याला बहादूर वाटतो. तालुक्याच्या गावी दोन थोबाडीत दिल्या की संध्याकाळपर्यंत बातमी बदललेली असते. मुलीची तक्रार बाजूला पडते, दोन मोहल्ल्यांचे, मग दोन समाजांचे भांडण होते आणि गुन्हा भावावर लागतो. त्याची नोकरी जाते, पासपोर्ट अडतो. ज्याने छेड काढली तो फिर्यादी बनतो. भावाने सोबत जायचे ते तक्रार लिहायला.

आता आवाराच्या आतले. डॉ. पायल तडवी यांचे नाव अनेकांना आठवत असेल. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल मुस्लिम समाजातल्या या तरुण डॉक्टर मुंबईत नायर रुग्णालयाच्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी हॉस्टेलच्या खोलीत त्यांनी जीव दिला. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर आत्महत्येस प्रवृत्त करणे, रॅगिंग आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, प्रकरण न्यायालयात गेले. इथे घर गप्प नव्हते. मुलीने सांगितले होते, आणि त्रासाची गोष्ट आपण आधीच कॉलेजच्या कानावर घातली होती असे कुटुंबाचे म्हणणे होते. त्यांच्या आई अबेदा तडवी यांनी रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्यासोबत २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, कॉलेजांतला जातीवरून होणारा छळ थांबवणारी यंत्रणा खरोखर चालावी म्हणून.

कानावर घातलेली गोष्ट कागदावर नसली की तिचा पुरावा उरत नाही. तक्रार लेखी द्यावी, दोन प्रती कराव्यात, आपल्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर रजिस्टर पोस्टाने पाठवावी. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. ज्याने केलीच नाही त्याला गुन्ह्यात साथ दिल्याचे धरले जाते. दोषी विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि पाच वर्षे दुसरे कॉलेज बंद आहे. हे मुलांनाही लागू आहे, रॅगिंगचा फटका बहुतेक वेळा त्यांनाच बसतो आणि लाजेने तेच जास्त गप्प बसतात. देशभरासाठी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. मूल खचलेले, कोणाशी बोलत नाहीसे वाटले तर टेलिमानसचा १४४१६ हाही क्रमांक जवळ असावा.

शहरात हॉस्टेलला ठेवणाऱ्यांनी फी आणि जेवणाच्या पुढचेही विचारावे. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी महिला वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. संशय होता तो तिथल्याच, अनेक वर्षे काम करणाऱ्या रखवालदारावर. त्याच दिवशी तो रुळांवर मृत सापडला. सुट्टीचे दिवस होते, बहुतेक मुली घरी गेल्या होत्या. म्हणून विचारायचे: सुट्टीत मजल्यावर किती मुली राहतात, रात्री महिला अधीक्षक आत झोपते की घरी जाते, खोल्यांच्या चाव्या कोणाकडे असतात? कॅमेरे आहेत म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. बदलापूर आमच्यापासून किती लांब? तिथल्या शाळेच्या प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये कॅमेरे होते, पण पंधरा दिवसांचे चित्रीकरणच मिळाले नाही, असे तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितले.

कॉलेजात लैंगिक छळाची तक्रार घ्यायला अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. अध्यक्ष ज्येष्ठ अध्यापिका, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, बाहेरच्या संस्थेचा एक सदस्य, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर विद्यार्थ्यांनी निवडलेले तीन प्रतिनिधी. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा अधिकाराच्या माणसांना तीत बसता येत नाही. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची, नव्वद दिवसांत चौकशी पुरी व्हायची, नाव गुप्त राहायचे. सदस्यांची मुदत तीन वर्षे. कागदावर हे सगळे ठीक आहे. अनेक ठिकाणी समिती फक्त तपासणीच्या फाइलीत असते.

प्रवेशाच्या दिवशी अब्बा फीच्या रांगेत असतात. तेवढ्या वेळात अम्मीने मुलीला घेऊन नोटीस बोर्ड पाहावा. समितीची नावे आणि फोन नंबर लावलेले आहेत का? त्यात निवृत्त झालेल्या बाईंचे नाव अजून तसेच नाही ना? नसतील किंवा जुनी असतील तर कार्यालयात जाऊन चालू वर्षाची यादी मागावी, पुढच्या आठवड्यात या म्हणाले तर पुढच्या आठवड्यात जावे, आणि यादीतल्या विद्यार्थिनी सदस्यांपैकी एकीचा नंबर मुलीच्या फोनमध्ये घालून मगच आसनगावची रिक्षा धरावी.